अमेरिकेतलं ‘सरकारी पाळणाघर’ आणि व्हॉट्सअ‍ॅपचं फॉरवर्ड

लाडकी बहीण योजनेवरून वाद पेटला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतं: “अमेरिकेने 1996 मध्ये फुकट पैसे बंद केले. बायका कामाला लागल्या. प्रत्येक गरीब आईच्या मुलांना सरकारने पाळणाघर दिलं. काम नाही तर पैसे नाहीत, साधा हिशोब!” मी टेक्सासात राहते, त्यामुळे माझ्याकडे बोट दाखवून “विचारा हिला” असंही कुणीतरी लिहितं. तर सांगते.

“फुकट पैसे बंद केले.” बंद नाही केले, आवळले. 22 ऑगस्ट 1996 ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि जुन्या रोख मदतीच्या जागी ‘टॅनफ’ (TANF) ही गरीब कुटुंबांसाठीची नवी योजना आली. त्यात कामाची अट, आणि केंद्राच्या पैशातून सहसा आयुष्यभरात 60 महिनेच. तेव्हा मुलं असलेल्या 100 गरीब कुटुंबांमागे 68 कुटुंबांना रोख मदत पोचत होती. 2020 मध्ये हा आकडा 21 वर आला.

“बायका कामाला लागल्या.” लागल्या, खरं आहे. पण त्याच वर्षांत नोकऱ्यांना बरकत होती, आणि कमी पगारवाल्यांना मिळणारी करसवलत 1993 मध्ये बरीच वाढवलेली होती. सगळं श्रेय एका कायद्याला कसं द्यायचं?

“प्रत्येक गरीब आईच्या मुलांना पाळणाघर दिलं.” खरी गोम इथे आहे. 1988 च्या कायद्याने रोख मदत घेणारी आई कामाला किंवा प्रशिक्षणाला जात असेल तर मुलाच्या सांभाळाचा खर्च मिळणं हा तिचा हक्क होता, मदत सुटल्यावरही वर्षभर. 1996 च्या कायद्याने हाच हक्क काढून टाकला. पाळणाघराचे चार वेगवेगळे निधी एकत्र केले आणि रक्कम राज्यांकडे दिली. सुरुवातीला पैसा वाढला, हे मान्य करायला हवं: मदत घेणारे घटले, पैसा उरला, टॅनफच्या रकमेतला 30 टक्क्यांपर्यंतचा भाग राज्यांना पाळणाघरांकडे वळवता येत होता, आणि बऱ्याच राज्यांनी तो वळवला. पण केंद्राकडून राज्यांना मिळणारी टॅनफची रक्कम वर्षाला साधारण 16.5 अब्ज डॉलरवर गोठली ती गोठलीच. महागाईने आज तिची किंमत जवळपास निम्म्यावर आणली आहे.

मग पैसा पुरत नाही तिथे रांग लागते, आणि रांग स्थानिक पातळीवर लागते. टेक्सासात 28 प्रादेशिक रोजगार मंडळं पाळणाघराचं अनुदान वाटतात. टॅनफवरच्या, कामाला लागणाऱ्या आयांना पहिला मान. बाकीच्या वेटिंग लिस्टवर. माझ्या शेजारच्या बाई घरातच डे-केअर चालवतात. त्यांच्याकडे पहाटे पावणेसहाला एक आई झोपेतली दोन मुलं पांघरुणासकट सोडून गोदामातल्या शिफ्टला पळते. तिने सरकारकडून रोख मदत कधी घेतलीच नाही, म्हणून ती यादीत मागे. फी खिशातून भरते, तीही दोन हप्त्यांत. म्हणजे फॉरवर्डला हवी तशी कष्टाळू, स्वाभिमानी आईच लटकलेली! उत्पन्नाची मर्यादा कायद्याने राज्याच्या मधल्या उत्पन्नाच्या 85 टक्क्यांपर्यंत ठेवता येते, पण त्या मर्यादेत बसणाऱ्या सहा-सात मुलांमागे देशभरात एकालाच अनुदान मिळतं.

“साधा हिशोब.” इतका साधा असता तर कायद्यात अपवाद लागला नसता. सहा वर्षांखालच्या मुलाच्या एकट्या आईला पाळणाघर मिळतच नसेल, तर काम न केल्याबद्दल तिची मदत कापता येत नाही. वाचून बरं वाटतं. फक्त त्या काळात घरी बसून तिने घेतलेला प्रत्येक महिना 60 मध्ये धरला जातो.