दिवाणाखालच्या टोप्या

आमच्या दिवाणाखाली ६० टोप्या पडून आहेत. खाकी रंगाच्या. समोर हिरव्या दोऱ्याने भरलेला एक पक्षी आणि त्याखाली कमानदार अक्षरांत ‘वेडे राघू, नागपूर’. नगाला ११० रुपये. पैसे मी भरले, कारण अ‍ॅडमिन मी. वर्गणी नंतर गोळा करायची ठरली होती, आणि मराठीत ‘नंतर’ ही फार लांबची मुदत आहे. लोक लोकांना एखादी टोपी घालतात. मला साठ बसल्या, त्याही मीच मापं देऊन शिवलेल्या.

ग्रुप पक्षी पाहणाऱ्यांचा. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सातजण गोरेवाड्याकडच्या रस्त्याला माना वर करून उभे होतो. सकाळचे आठ, पण ऊन असं की सावलीलाही सावली हवी. विजेच्या तारेवर वेडा राघू बसला होता. चिमणीएवढा जीव, हिरवागार, डोक्यावर तांबूस झाक, शेपटीतून निघालेल्या दोन बारीक काड्या. तारेवरून सुटायचा, हवेत गिरकी मारून माशी पकडायचा आणि बरोब्बर त्याच जागी येऊन बसायचा. तासन् तास हेच. म्हणून त्याला वेडा म्हणतात म्हणे. एवढ्यात दुधाच्या कॅन लटकवलेला एक मोटारसायकलवाला थांबला आणि नेमका तेव्हाच राघू उडाला. त्याने आमच्याकडे पाहिलं, दुर्बिणींकडे पाहिलं, रिकाम्या तारेकडे पाहिलं.

“काय पाहून राहिले भाऊ?”

“पक्षी.”

“कुठं हाये? या उन्हात? पागल झाले काय तुम्ही लोकं?”

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला. नावावर चर्चा झाली नाही, ती एकदाच.

पुढे सातांचे ८३ झाले. अंबाझरी, सायकी, पारडगाव, जिथे पाणी तिथे रविवारी आमची फेरी. सहा महिन्यांपूर्वी एक ताई आल्या. कमी बोलतात, फेरी चुकवत नाहीत आणि प्रत्येक पक्षी आमच्या आधी त्यांना दिसतो, हे काही जुन्या सभासदांना थोडं जड जात होतं. एका मंगळवारी रात्री त्यांचा मेसेज आला. लांबलचक. आधी रविवारच्या फेरीचे आभार, मग सायकीला दिसलेले शेकाटे अजून आहेत का याची चौकशी, आणि मग मुद्दा. त्यांचा धाकटा भाऊ बरीच वर्षं मानकापूरला उपचार घेतो आहे. गल्लीतली पोरं त्याला ज्या शब्दाने हाक मारायची, तो शब्द रोज सकाळी फोन उघडला की सगळ्यात वर दिसतो. पक्ष्याबद्दल काही म्हणणं नाही, पण ग्रुपचं नाव बदलता आलं तर...

इतकं वाचलं आणि मी फोन पालथा घातला.

मानकापूर म्हटलं की नागपूरकराला पुढे सांगावं लागत नाही. तिथल्या दवाखान्याचं नाव प्रादेशिक मनोरुग्णालय, पण बाहेरच्या चौकाला ऑटोवाला ‘पागलखाना चौक’ म्हणतो. मीही म्हणतो. माझी आतेबहीण त्याच बाजूला राहते आणि वीस वर्षं मी पाहुण्यांना “पागलखान्याहून सरळ” असा पत्ता सांगत आलोय. त्या रात्री ते वाक्य मला पहिल्यांदा माझ्याच आवाजात ऐकू आलं.

सकाळी उठून बघतो तर ११४ मेसेज. त्यातले नऊ ‘शुभ सकाळ’, ते बाजूला ठेवा.

“मंग आता पक्ष्याचं नाव बी बदलाचं का?”

“वेड हा प्रेमाचा शब्द आहे. विठ्ठलाचं वेड लागतं ना?”

“वेड्या बाभळीचं काय करायचं? तिला शहाणी बाभूळ म्हणायचं?”

“मारुती चितमपल्लींनी जन्म घालवला जंगलात, लोकांच्या तोंडची पक्ष्यांची नावं गोळा करत. आणि आपण ती खोडायला निघालो.”

पक्ष्याचं नाव खोडा असं कोणीच म्हटलं नव्हतं. पण दुपारपर्यंत अकराजणांच्या भावना दुखावल्या होत्या. दोघे ग्रुप सोडून गेले, त्यातला एक जेवणानंतर परत आला. ताईंनी ‘दुखावणे’ हा शब्द वापरलाच नव्हता. त्यांनी ‘विनंती’ हा वापरला होता. दुखण्याचं काम बाकीच्यांनी अंगावर घेतलं.

आमच्यात एक प्राध्यापक आहेत. त्यांनी लगेच अमेरिका आणली. तिकडच्या ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने २०२३च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की माणसांवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलणार. त्याआधी २०२०मध्ये ‘मॅकाउन्स लाँगस्पर’चं नाव बदललंच होतं, कारण हा मॅकाउन यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा सेनापती होता. आता तो पक्षी ‘थिक-बिल्ड लाँगस्पर’, म्हणजे जाड चोचीचा. यावर आमचे बँकवाले काका म्हणाले, “त्याले विचारलं का, जाड म्हटलेलं चालते का म्हणून?”

वकीलसाहेब कायद्यावर गेले. १९१२च्या कायद्याच्या नावातच ‘लुनसी’ म्हणजे वेडेपणा होतं, १९८७मध्ये ते जाऊन ‘मेंटल हेल्थ’ आलं, २०१७मध्ये ‘मेंटल हेल्थकेअर’. “सरकारला नाव बदलायला पाऊणशे वर्षं लागली,” ते म्हणाले, “आपण रविवारपर्यंत थांबू.”

रविवारी फेरीनंतर तर्री-पोह्यांच्या गाडीवर सभा बसली. ताई आल्या नव्हत्या, भावाची तारीख होती. एका हातात पोह्यांची प्लेट, दुसऱ्यात पक्ष्यांची यादी. ठरलं की पक्ष्याचंच नाव ठेवू, पक्ष्याला कोण हरकत घेणार? आणि तिथून आमचा घात सुरू झाला, कारण मराठीत पक्ष्यांची नावं ज्याने कुणी ठेवली, त्याला आमचा ग्रुप ठाऊक नव्हता.

पहिलं नाव आलं टकाचोर. सुरेख पक्षी, लांब शेपटी. बँकवाले काका ताडकन उठले. “पस्तीस वर्षं कॅशवर बसलो. एक पैसा इकडचा तिकडं नाही. मी टकाचोर?” बरं, मग वंचक. पाण्याच्या काठाला मातकट रंगात दडून बसतो आणि उडाला की पंख पांढरेशुभ्र. वकीलसाहेबांनी हरकत घेतली. कोणी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं.

सातभाई सुचवल्यावर ग्रुपमधल्या बायका एका सुरात म्हणाल्या, “आणि आम्ही काय सुट्टीवर?” गंमत अशी की याच पक्ष्यांना इंग्रज ‘सेव्हन सिस्टर्स’ म्हणून गेले. त्यांना बहिणी दिसल्या, आपल्याला भाऊ. नर-मादी दिसायला सारखेच, म्हणजे पक्ष्यांना विचारूनही निकाल लागायचा नाही.

खाटीक म्हटलं तर समाजाचं नाव. सुतार, शिंपी, तांबट, परीट, अख्खं गावच झाडावर बसलेलं. ब्राह्मणी घार असं कुणीतरी पुटपुटलं तेव्हा सगळ्यांनाच एकदम चहाची आठवण झाली. भारद्वाज निघाला, तर एक काकू म्हणाल्या, ते गोत्र झालं, आमचं काश्यप आहे. घुबडावर दोन पक्ष पडले, अपशकुनवाले आणि लक्ष्मीवाले. कमळपक्ष्याचं नाव काढताच वकीलसाहेबांनी बोट ओठांवर ठेवलं, “निवडणुका तोंडावर आहेत.” वटवट्या हे नाव आम्हाला इतकं चपखल बसत होतं की त्यावर मतही घेतलं गेलं नाही.

मग कुणीतरी शहाणपणा केला. ‘वेडे’ काढा, नुसतं ‘राघू’ ठेवा. प्राध्यापकांनी चमचा खाली ठेवला. “राघू म्हणजे पोपट. आणि वेडा राघू हा पोपट नाही. त्याचा पोपटाशी काहीही संबंध नाही.”

“म्हणजे नाव ठेवलं, की आपला पोपट झाला.”

“झालाच आहे,” काका म्हणाले.

पतरंगा हे नाव मला मनापासून आवडलं होतं. त्याच पक्ष्याचं, कानाला गोड. पण ते हिंदी निघालं. “नागपुरात मराठी ग्रुपला हिंदी नाव?” असं ज्यांनी टेबलावर हात आपटून विचारलं, त्यांनीच लगेच गाडीवाल्याकडे वळून “भैया, एक हाफ और तर्री ज्यादा” अशी मागणी केली. १९५६च्या ऑक्टोबरपर्यंत आम्ही मध्य प्रदेशाची राजधानी होतो, ते पोटातून इतक्या लवकर कसं जाईल?

सभा संपली तेव्हा यादीवर एकोणीस नावं होती, एकोणीसच्या एकोणीस खोडलेली आणि ‘हळद्या’वर तर्रीचा तवंग.

मग मी लोकशाही आणली, ती माझी चूक. ग्रुपचं नाव कुणालाही बदलता येईल अशी सेटिंग केली आणि झोपलो. रात्रभरात नाव नऊ वेळा बदललं. ‘संत्रानगरी बर्ड परिवार’. ‘हरियाल’. ‘पूर्वीचे वेडे राघू’. ‘पूर्वीचे आणि आत्ताचेही’. पहाटे बायकोने माझा फोन उचलला आणि मोठ्याने वाचलं, “‘अ‍ॅडमिनने राजीनामा द्यावा’. हे काय, तुमच्या पक्ष्यांचं नवीन नाव का?”

सेटिंग परत केली. मतदान लावलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या मतदानात बाराच पर्याय बसतात, आमची नावं एकोणीस. म्हणून आधी कोणती बारा घ्यायची यावर मतदान झालं. शेवटी सगळ्यात जास्त मतं ‘जे ठरेल ते’ या पर्यायाला पडली. एकवीस. त्यात माझंही एक होतं.

या सगळ्यात टोप्या आल्या. महिनाभर आधी दिलेली ऑर्डर, मला आठवणही राहिली नव्हती. एक टोपी घेऊन सीताबर्डीवर एका अल्टरवाल्याकडे गेलो. म्हटलं, पहिला शब्द उसवायचा आहे. त्याने डोळ्याला भिंग लावलं, ब्लेडच्या टोकाने ‘वे’ची मात्रा उचलली, मग एकेक टाका कापत चिमट्याने दोरा ओढून काढला. दहा मिनिटांत ‘वेडे’ गेलं. टोपी उजेडाकडे धरून मला दाखवली. कापडावर सुईच्या बारीक भोकांची रांग राहिली होती. ‘वेडे’. उलट आता उजेड त्यातून येत होता.

“दोरा निघते साहेब. भोकं राहतेच.”

“वरून पट्टी लावली तर?”

“लावतो ना. पंचवीस रुपये नगाले. पण मंग लोकं विचारतीन, पट्टीखाली काय हाये?”

पट्टीवर काय भरायचं हे तरी कुठे ठरलं होतं? टोप्या दिवाणाखाली गेल्या.

तीन आठवड्यांनी वकीलसाहेबांनी ‘मूळ अर्ज’ मागितला. कशाला, ते विचारू नका, ते सगळ्याच गोष्टींची फाइल करतात. मी ताईंचा तो मेसेज शोधून काढला, पुढे पाठवायला बोट दाबलं आणि ते भलतीकडेच पडलं, खालच्या ‘आणखी वाचा’वर. मेसेज उलगडला. ८३ लोक, तीन आठवडे, एक सभा, दोन मतदानं, आणि ‘आणखी वाचा’ कुणी दाबलंच नव्हतं. अ‍ॅडमिननेही नाही.

खाली लिहिलं होतं: ‘...बरं होईल. नाही जमलं तरी मी कुठे जात नाही, पक्षी आवडतात. सुचवायचंच तर “परत फांदीवर” कसं वाटतं? तो पक्षी फिरून तिथेच येतो म्हणून. भाऊ दवाखान्यातून घरी आला की आई हेच म्हणते, आला माझा राघू परत फांदीवर.’

मी फोन केला. “ताई, पुन्हा एकदा सांगायचं ना!”

“सांगितलं तर होतं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, कोणाला आवडलं नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला, कुणालाही न विचारता, मी नाव बदललं आणि सेटिंगला कुलूप लावलं. वादळाची तयारी म्हणून चहा करून बसलो. पहिला अंगठा सहा वाजता आला. सातपर्यंत चाळीस. काकांनी लिहिलं, “छान हाये. कोणी सुचवलं?” ग्रुप सोडून गेलेला दुसराही परत आला. टोप्यांच्या पैशांचा विषय कोणी काढला नाही.

आठ वाजता प्राध्यापकांचा मेसेज आला. या वेळी खालपर्यंत उघडून वाचला.

‘नाव उत्तम. मात्र आपल्या ग्रुपच्या नोंदी तपासल्या असता हा पक्षी फांदीपेक्षा विजेच्या तारेवरच अधिक वेळा आढळतो. योग्य ती दुरुस्ती व्हावी.’