एक जूनवाल्यांची गोळाफेक

आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, हे तुम्हाला माहितीच असेल. माझाही त्यातलाच. आई म्हणायची, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू नुकता पावलं टाकायला लागला होतास, म्हणजे डिसेंबर १९६७ ला मी जेमतेम वर्षाचा. पण थोरल्या भावाच्या मागं रडत रडत शाळेत गेलो आणि मास्तरांनी कटकट नको म्हणून १ जून १९६५ लावून टाकली, पहिलीत बसवायचं तर वय भरायला पाहिजे ना. त्या दीड वर्षाचा हिशेब मी आयुष्यभर मास्तरांच्या नावावर मांडत आलो, कारण ३१ मे २०२३ ला आमच्या ऑफिसातनं चौघं एकदम रिटायर झालो, चौघंही एक जूनवाले, चार शाली, चार नारळ, आणि भाषण एकच. दीड वर्षाचा पगार गेला तो गेलाच.

रिटायर झाल्यावर शुगर बॉर्डरवर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, चाला. म्हणून सांगलीत आमच्या घराजवळच्या मैदानावर पहाटे चालायला लागलो. तिथं पोलीस भरतीची पोरं. त्यांची मैदानी चाचणी ५० मार्कांची, त्यातले १५ गोळ्याला, त्यामुळं साडेपाचपासून मैदानात नुसतं धप्प धप्प चाललेलं असतं. एक दिवस एक गोळा गडगडत माझ्या पायाशी आला, परत द्यावा म्हणून मी वाकलो आणि उचलला, आणि कंबरेत कट्ट. ७.२६ किलो असतो हे पोरांनी नंतर सांगितलं, आधी सांगायची पद्धत नाही. वर एकजण म्हणतो कसा, "काय ओ काका, तुमची पण भरती हाय का?" सगळी हसली. आता मी शाळेत असताना गोळाफेकीत तालुक्याला तिसरा आलो होतो (तिघंच होतो, ते जाऊ दे), त्यामुळं ते हसणं जिव्हारी लागलं.

चौकशी केल्यावर कळलं की म्हाताऱ्यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात, मास्टर्स म्हणतात त्याला, आणि तिथं ३५ झाले की माणूस ज्येष्ठ. एसटीत अर्ध्या तिकिटाला ६५ लागतात, इथं ३५ मध्ये काम होतं. पाच-पाच वर्षांचे गट, आणि जसं वय वाढेल तसा गोळा हलका. पन्नाशीत ६ किलो, साठीत ५, सत्तरीत ४, ऐंशीनंतर ३. जगात दुसरीकडं कुठं वय वाढल्यावर ओझं कमी होतं सांगा बरं.

६ किलोचा गोळा घेऊन घरी आलो. हिनं आधी बिल बघितलं, मग गोळा, मग मला. "अहो, गॅसचं सिलिंडर सरकवायला सांगितलं की तुमची कंबर धरते, आणि हे?" मी म्हटलं अगं, हरियाणाच्या त्या भगवानी देवी आजी, ९४ व्या वर्षी २०२२ ला फिनलंडमध्ये जाऊन १०० मीटरला गोल्ड आणि वर गोळाफेकीत ब्रॉंझ घेऊन आल्या. ही म्हणाली, त्या आजींनी घरातली सगळी कामं करून मग फेकला असणार. यावर काय बोलणार. रात्री गोळा कपाटाखालनं गडगडला, खालच्या मजल्यावरचे वर आले, आणि दुसऱ्या दिवशी हिनं जुन्या साडीची चुंबळ करून त्याच्यावर गोळा बसवला, अगदी घागरीसारखा.

कोच म्हणजे तीच भरतीची पोरं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, काका, फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. मग नाव गोळाफेक कशाला ठेवलंय? मानेला टेकवायचा, कोपर वर, आणि खांद्यावरनं पुढं ढकलायचा, हात खांद्याच्या मागं गेला की फाऊल. "काका, कोपर पडतंय. ढकला की ओ, लाजताय काय!" त्यात ते वर्तुळ, २.१३५ मीटर व्यासाचं, म्हणजे आमच्या बाथरूमपेक्षा थोडं मोठं, त्यात मागं तोंड करून उभं राहायचं, एका पायावर सरकायचं, गर्रकन वळायचं, ढकलायचं, आणि एवढं सगळं करून तोल सांभाळायचा. पुढं १० सेंटीमीटर उंचीची लाकडी पट्टी असते, तिच्यावर पाय पडला तर गेलं. आणि गोळा समोर आखलेल्या ३४.९२ अंशाच्या कोनात, म्हणजे सेक्टरमध्ये, पडला पाहिजे. सरळ पस्तीस करायला काय झालं होतं?

आपल्या जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातला सचिन खिलारी, त्यानं २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर टाकून सिल्व्हर आणलं. मी एकदा मैदानावर १६.३२ मोजून तिथं चप्पल ठेवली, म्हटलं अंदाज तरी येईल. परत वर्तुळात येऊन उभा राहिलो तर चप्पल दिसेना, चष्मा घालावा लागला.

सहा महिन्यांत खांदा दोनदा धरला, एक्सरे झाला, डॉक्टर म्हणाले चालायला सांगितलं होतं, आणि गोळा पावणेसहा मीटरच्या पुढं जाईना. पण मी निवांत होतो. कारण १ जून २०२५ येत होता. कागदावर साठ! खरं वय अजून अठ्ठावन्न, आणि हातात ५ किलोचा गोळा. दीड वर्षाच्या पगाराच्या बदल्यात एक किलो लोखंड कमी, पण मास्तरांनी काहीतरी तर परत केलं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी १ जूनला स्वतःहून पेढे आणले.

थंडीत स्पर्धेला गेलो, रात्रभर एसटीत, मांडीवर पिशवी. कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवायचा प्रयत्न केला आणि मग माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. मैदानावर सकाळी आठला रिपोर्टिंग, आमचा गट दुपारी दोनला. तीन सेकंदाचं काम, त्यासाठी सहा तास मांडवात पोहे खाऊन बसायचं. साठ ते चौसष्टच्या गटात सातजण होतो. मी मनातल्या मनात हसत होतो, की हे बिचारे खरोखरचे साठीचे.

मग टेबलावरच्या साहेबांनी आधारकार्डं घेऊन यादी वाचायला सुरुवात केली. एक जून. एक जून. बावीस सप्टेंबर. एक जून. एक जून. माझी आली, एक जून. सातातले पाच. आम्ही पाचजण एकमेकांकडं बघत होतो आणि कोणी काही बोलेना. शेवटी साहेबांनीच चष्मा काढला, ते स्वतः रिटायर्ड मास्तर निघाले, म्हणाले, "काय करणार ओ, पोरं रडत यायची शाळेत."

पहिला गोळा चांगला गेला, पण त्या आनंदात मी पुढनं बाहेर पडलो, मागच्या अर्ध्यातनं बाहेर यायचं असतं, लाल झेंडा. दुसरा सेक्टरच्या बाहेर, एक पोरगं टेप टाकून पळालं. तिसरा ६.९१. सहावा आलो. गोल्ड त्या बावीस सप्टेंबरवाल्यानं नेलं.

घरी आल्यावर हिला म्हटलं, आता दहा वर्षं कळ काढायची, सत्तर झाले की चार किलोचा मिळतो.

"कागदावरचे सत्तर का खरे?" ही म्हणाली, आणि पिशवीतनं गोळा काढून, पदरानं पुसून परत चुंबळीवर ठेवला.