पात्राच्या अंगावर ओरखडाही उठू देऊ नका

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या गोष्टीखेळात डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, व्हायचं ठरवलंय? अभिनंदन. गेल्या रविवारी जळगावात आमच्या गच्चीवर जे झालं त्यातून मी बरंच शिकलोय, तुम्हाला फुकट सांगतो.

सगळ्यात आधी, कोणालाही मरू द्यायचं नाही. तिन्ही डेथ सेव्ह, म्हणजे मरता मरता जीव वाचवायला टाकायचे फासे, दहाच्या खाली गेले? तिसरा फासा सतरंजीच्या घडीवर पडला होता, परत टाक म्हणा.

मेलाच तर रेझ डेड आहे, मेलेल्याला उठवायचा मंत्र. ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, तो कोणाच्या तरी थैलीत निघतोच. कुठून आला विचारायचं नाही. (आपण सराफ बाजारात वजन-भाव दहादा विचारणारी माणसं, पण इथे गप्प बसायचं.) जिवंत झाल्यावर फाशांवर चारचा दंड असतो, रोजच्या झोपेला एकेक उतरतो, तो तर विसरूनच जा.

भाल्याने आरपार भोक पडलं तरी आठ तास झोपला की सकाळी ठणठणीत. मे महिन्यात आमच्याकडे आठ तास झोप लागते कोणाला ते सोडा.

गाव जाळलं? पुढच्या रविवारी तोच सरपंच, या भाऊ, चहा घ्या.

आता हात. हाताचं जरा सविस्तर सांगतो.

मी फायटर, म्हणजे लढवय्या, खेळतो. दोन महिन्यांपूर्वी पूल अडवून एकटा उभा राहिलो, बाकीचे तिघं पळाले, मी शून्यावर, मरायला टेकलेला. २०१४ च्या डीएम गाईडमधला कायमच्या जखमांचा तक्ता वापरायचा हे डीएमनेच ठरवलेलं, ऐच्छिक आहे तो, कोणी जबरदस्ती केली नव्हती. वीसचा फासा, १ आला की डोळा, २ आला की हात. आला २! असा ओरडा झाला की खालून काकू विचारायला आल्या, कोण पडलं रे. घरी जाऊन मी पात्राचं अख्खं पत्रक नवीन लिहिलं, ढाल काढली, तलवार डाव्या हातात दिली, हा एका हाताने घोड्याचा पट्टा कसा आवळेल इथपर्यंत विचार केला. यावलचे आमचे काका, मळणी यंत्रात दोन बोटं गेली त्यांची, उरलेल्या तिघांत तंबाखू अशी मळतात की बघत राहावं, ते डोक्यात होतं. आणि रविवारी काय, तर नदीकाठचं पंधरा घरांचं खेडं, एक म्हातारा पुजारी मंत्र म्हणतो अन हात उगवला! फुकट! अरे रिजनरेट सातव्या पातळीचा मंत्र, तेराव्या लेव्हलशिवाय पुजाऱ्याला मिळत नाही, आम्ही सगळे सहाव्या लेव्हलला, मग एवढा मोठा माणूस त्या खेड्यात काय करत होता, म्हशी राखत होता?

तर डीएम म्हणे, तुझा मूड गेला असेल असं वाटलं.

नाही ना भो, मूड आत्ता गेला! दोन महिने त्या तुटक्या हाताने मी मजेत खेळत होतो. ज्या तिघांसाठी तो गेला ते माझ्याशी वेगळं वागायला लागले होते, त्यातला चोराचं पात्र खेळणारा तर न सांगता माझं सामान वाहायला उचलायचा. आता कोण कशाला उचलेल? पूल कोणी अडवला तेच पुसलंस तू. भरिताला वांगी किती किलो आणू हे ग्रुपवर दहा वेळा विचारतोस, हात परत देऊ का हे एकदा विचारायला काय झालं होतं? पुढच्या रविवारी सगळ्यात आधी तो हात काप, मग वांग्यांचं बघू.