मेगाट्रॉनचं पिस्तूल नकली नाही

इंदूरच्या आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या रूप बदलणाऱ्या रोबो-खेळण्यांमधल्या मेगाट्रॉनबद्दल फिरतंय, ‘मेगाट्रॉन पहिल्यापासून रणगाडाच. पिस्तुलाचं खेळणं नकली, फेकून द्या.’ हे चूक आहे. कृपया फेकू नका!

१९८४ साली हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने आणलेला ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधला मूळ मेगाट्रॉन पिस्तूलच व्हायचा, वॉल्थर पी-३८ हे जर्मन पिस्तूल. साचा जपानच्या टाकारा कंपनीचा. भावाचा जुना मेगाट्रॉन काल काढून पाहिला: पिस्तुलावरची दुर्बीण रोबोच्या उजव्या हातावर तोफ म्हणून चपखल बसते. त्या कल्पकतेचं मला आजही अप्रूप वाटतं. रणगाडा आला तो १९९०च्या दशकात. तोवर खऱ्या बंदुकीसारख्या खेळण्यांवर अमेरिकेत कायद्याने बंधनं आली होती. पोरांना खेळायला द्यायचं नसेल तर कपाटात ठेवा, एवढंच.