‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पेपरात ‘कोकण विभाग पुन्हा अव्वल’ ही बातमी येते (२०२५ साली ९६.७४ टक्के निकाल होता), आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. तो कोणी लिहिला हे कुणालाच ठाऊक नाही. गेली तीन वर्षं मला तो कुडाळपासून देवगडपर्यंतच्या निदान दहा जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

‘कोकणातल्या पालकांनो, फसू नका. हार्वर्ड, एमआयटीला वर्षाला ७० लाख लागतात, ते आपल्यासाठी नाही. आर्थिक मदत मागितली की अर्ज कचऱ्यात जातो. ऑलिंपियाडचं मेडल नसेल तर विषयच सोडा. मदत हवीच असेल तर उत्पन्न कमी दाखवा, जमीन दाखवू नका. सल्लागाराशिवाय अर्ज करता येत नाही. आणि इथली आयआयटीसुद्धा पैसेवाल्यांचीच.’

मी कुडाळ तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २४ वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. सात-आठ वर्षांपासून परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांसोबत बसते, त्यांची शिफारसपत्रं लिहिते. या मेसेजमधली काही वाक्यं अर्धी खरी आहेत आणि म्हणूनच लोक तो पुढे पाठवतात. तेव्हा एकेक वाक्य घेते.

७० लाखांचा आकडा खोटा नाही. फी, खोली, जेवण, पुस्तकं सगळं धरलं तर अमेरिकेतल्या या विद्यापीठांचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. पण ती छापील किंमत आहे. घराला किती परवडेल याचा हिशेब विद्यापीठ मांडतं. तेवढंच त्या घराने भरायचं आणि उरलेलं विद्यापीठाने अनुदान म्हणून द्यायचं, अशी ही रीत आहे. प्रिन्स्टनने तर २००१ सालीच मदतीत कर्ज देणं बंद केलं. तिथे जे मिळतं ते फेडायचं नसतं.

इथे आपल्या डोक्यातला एक समज आड येतो. शिष्यवृत्ती म्हणजे हुशारीचं बक्षीस, असं आपण चौथीच्या स्कॉलरशिप परीक्षेपासून मानत आलो आहोत. त्यामुळे पालक मला पहिला प्रश्न विचारतात, ‘मॅडम, किती टक्क्यांना किती स्कॉलरशिप?’ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांपैकी एकही विद्यापीठ गुणांवर एक डॉलरही देत नाही. प्रवेश मिळालेली सगळीच मुलं हुशार, मग बक्षीस कुणाला द्यायचं? तिथली मदत घराची परिस्थिती बघून ठरते. म्हणजे ज्या गोष्टीपायी आपण मुलांना मागे ओढतो, तीच गोष्ट तिथे मदतीचा आधार असते.

आता ‘आर्थिक मदत मागितली की अर्ज कचऱ्यात जातो’ हे वाक्य. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं, कारण ते काही विद्यापीठांबद्दल चूक आहे आणि बऱ्याच ठिकाणी बरोबर आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, तसंच अ‍ॅमहर्स्ट आणि बोडिन ही लहान कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचा, म्हणजे आपल्या मुलाचा, अर्ज वाचताना त्याने मदत मागितली आहे की नाही हे बघत नाहीत. प्रवेशाचा निर्णय वेगळा आणि पैशाचा हिशेब वेगळा. एकदा प्रवेश दिला की घराची जेवढी गरज दिसेल तेवढी भागवायची, हे त्यांचं धोरण आहे. या ठिकाणी मदत मागितल्याने अर्ज कचऱ्यात जात नाही.

याउलट स्टॅनफर्ड, कॉर्नेल यांच्यासारखी नावाजलेली विद्यापीठंही परदेशी मुलाची मदतीची मागणी प्रवेश ठरवताना विचारात घेतात. तिथे मदत मागणाऱ्याची वाट अधिक अरुंद असते. कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे बर्कलीसारख्या ठिकाणी, परदेशी पदवी-विद्यार्थ्याला मदत जवळजवळ नसतेच. म्हणून यादी करताना कॉलेजच्या नावाआधी त्याचं हे धोरण बघायचं. कॉलेजच्या वेबसाइटवर ते लिहिलेलं असतं.

त्यावर कुणी तरी युक्ती सांगतं, ‘आत्ता मदत नको म्हणून लिहा, प्रवेश झाला की मागा.’ हे अजिबात करू नका. प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही, असा नियम अनेक कॉलेजांत आहे. हातात प्रवेशपत्र आहे आणि पहिल्या सत्राची फी भरायला घर विकावं लागतंय, अशी वेळ कुणावर येऊ नये.

आणि संधी किती, हेही सांगायला हवं. एमआयटीत परदेशातून अर्ज करणाऱ्या शंभरांत दोन-तीन जणांनाच प्रवेश मिळतो. म्हणजे नकाराची तयारी ठेवूनच अर्ज करायचा, आणि इथली सीईटी, जेईई, नीट यांतलं काहीही सोडायचं नाही. पण तो नकार त्यांच्याकडून येऊ दे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मुलाने स्टाफरूमच्या दारात उभं राहून मला विचारलं होतं, ‘मॅडम, एमआयटीला अर्ज करू का?’ मी म्हटलं, ‘अरे, त्याला किती पैसे लागतात माहीत आहे का? ते आपल्यासाठी नाही.’ मेसेजमधलं वाक्यच मी बोलले होते. मला माहिती नव्हती आणि ती मी शोधलीही नाही. तो मुलगा ‘बरं’ म्हणून गेला. त्याचं पुढे चांगलं झालं, तरी ते ‘बरं’ मला आजही आठवतं.

‘उत्पन्न कमी दाखवा, जमीन लपवा’ या सल्ल्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आपली खरी अडचण इथे आहे आणि तिचं उत्तर खोटेपणात नाही.

दोन वर्षांपूर्वी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका वाडीत मी एका मुलीच्या घरी पडवीत बसले होते. मदतीचा अर्ज, म्हणजे सीएसएस प्रोफाइल, भरायचा होता. नेटवर्क विहिरीच्या कठड्यापाशी यायचं, त्यामुळे प्रत्येक पान सेव्ह करायला ती लॅपटॉप घेऊन तिथे जायची. वडिलांचा एका होडीत चौथा हिस्सा आणि काजूचं थोडं वडिलोपार्जित भरड. फॉर्ममध्ये प्रश्न आला, मालकीच्या जमिनीची किंमत किती? वडिलांनी ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी आणली आणि घडी पडून चिरलेला सातबारा उलगडला. त्यावर २३ नावं होती. पाच जण वारलेले, सात मुंबईला, एकाचा तर पत्ताच नाही. वाटणी कधी झालेलीच नाही. शेजारचा तुकडा मुंबईच्या पार्टीने ज्या भावाने घेतला तो भाव लावला असता तर हे घर कागदावर कोट्यधीश ठरलं असतं. वडील म्हणाले, ‘मॅडम, जमीन दाखवली तर पैसे देवचे नाय, नाय दाखवली तर खोटा होतला. मगे करूचा काय?’

आम्ही जे होतं ते लिहिलं. जमीन सामायिक, २३ हिस्सेदार, वाटणी नाही, एकट्याला विकता येत नाही, यांच्या वाट्याला अंदाजे पावणेदोन गुंठे. अशा खुलाशासाठी त्या फॉर्ममध्ये वेगळी जागा असते, तिथे नऊ ओळी लिहिल्या. रक्कम रुपयांत लिहिली तर चालते, डॉलर करत बसावं लागत नाही. आयटी रिटर्न नव्हतं, कारण कधी भरावं लागलंच नव्हतं. त्याऐवजी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मासळीच्या लिलावाच्या पावत्या आणि इंजिनासाठी काढलेल्या कर्जाचं पासबुक जोडलं. मुलीने सगळ्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि प्राचार्यांनी सही-शिक्का दिला.

महिन्याभराने एका कॉलेजातून ईमेल आला. त्यात एकच प्रश्न होता: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते असं तुम्ही लिहिलं आहे, मग त्या दोन महिन्यांत घर कसं चालतं? तिने उत्तर लिहिलं. एप्रिल-मेमध्ये आई बांगडे आणि सुंगटं सुकवून ठेवते आणि पावसात ती सुकी मासळी बाजारात विकते. वडील जाळी विणतात. वाण्याकडे उधारी असते, ती नारळी पौर्णिमेनंतर फिटते. मी तो ईमेल वाचला तेव्हा मला पहिल्यांदा खात्री वाटली, की पलीकडे कुणीतरी कागद खरोखर वाचतं आहे.

तिने आठ ठिकाणी अर्ज केले. सहा नकार, एक प्रतीक्षायादी आणि एक प्रवेश. घराने वर्षाला २,१०० डॉलर भरायचे, बाकी कॉलेज देणार. त्याशिवाय विमानाचं तिकीट, व्हिसा आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीसाठी अमेरिकी सरकार घेतं ती ३५० डॉलरची सेव्हिस फी. ते पैसे उभे करतानाही घराची ओढाताण झाली, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि खोट्याचं काय होतं? २०२४ साली अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात एका भारतीय विद्यार्थ्याचं प्रकरण उघडकीला आलं. त्याने बनावट कागदपत्रांवर प्रवेश आणि मदत मिळवली होती, वडील जिवंत असताना त्यांच्या मृत्यूचा दाखलाही जोडला होता. त्याला अटक झाली, विद्यापीठातून काढलं आणि भारतात परत पाठवलं. अशा प्रत्येक प्रकरणानंतर आपल्या खऱ्या दाखल्यांकडेही संशयाने बघितलं जातं. जमीन लपवायला सांगणाऱ्याला याची झळ लागत नाही, ती पुढच्या वर्षीच्या मुलांना लागते.

ऑलिंपियाडचं मेडल असलं तर उपयोग होतो, अट मात्र नाही. कॉमन अ‍ॅप या सामाईक अर्जात अभ्यासाबाहेरच्या गोष्टींसाठी दहा जागा असतात, आणि त्यांच्या प्रकारांत ‘घरातल्या जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ हे दोन्ही असतात. आमची मुलं ते रकाने कोरे ठेवतात. पहाटे पाचला धाकट्या भावाचा डबा करून, दोन एसटी बदलून कॉलेजला येणारी मुलगी मला म्हणते, ‘मॅडम, माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही.’ आंब्याच्या हंगामात रोज चार तास पेट्या भरणारा मुलगा ते लिहायला लाजतो. लिहा. किती तास, किती आठवडे, काय जबाबदारी, सगळं. मुंबईच्या सोसायटीत भाड्याने आणलेल्या ‘समाजसेवे’पेक्षा त्याला जास्त वजन आहे, असं माझं ठाम मत आहे. सॅट या अमेरिकी प्रवेश-परीक्षेची तयारी मात्र टाळता येत नाही. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये प्रवेश-परीक्षेच्या गुणांची अट परत आणली.

कोकणातल्या पोराचं हे काम नव्हे म्हणणाऱ्यांनी दापोली तालुक्यातल्या मुर्डीला जाऊन यावं. तिथले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, आले. असे ते पहिले भारतीय. त्यांनाही घरच्या पैशावर जाता आलं नसतं.

सल्लागाराबद्दल फार लिहीत नाही. अर्ज मुलाने स्वतः करायचा असतो. अमेरिकी सरकारची एज्युकेशनयूएसए ही सेवा फुकट सल्ला देते, मुंबईतही आणि ऑनलाइनही. परवडत नसेल तर अर्जाची फी माफ करून मागता येते, एमआयटीची ७५ डॉलरची फीसुद्धा. एका शहरातल्या सल्लागाराने आमच्या एका पालकांकडे ४ लाख मागितले होते आणि वर अर्जातला निबंधही ‘आम्हीच लिहून देऊ’ म्हणाला. दुसऱ्याने लिहिलेला निबंध हीसुद्धा फसवणूकच आहे.

राहिली आयआयटी. तिथलं शिक्षण शुल्क वर्षाला २ लाख, २०१६ पासून. पण अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे. घराचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल तर कुणालाही पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखांत असेल तर दोन-तृतीयांश माफ. वसतिगृह आणि मेस वेगळी. राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून इतर मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. मात्र प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली, आणि हे न कळल्यामुळे घाईत प्रवेश घेऊन पस्तावलेली घरं मी बघितली आहेत. कर्जच लागलं तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते.

आता अकरावी-बारावीत असलेल्या मुलांसाठी एक काम. परदेशी अर्जाला नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात, आणि आपल्याकडे नववी-दहावीची शाळा वेगळी, कॉलेज वेगळं. जुन्या शाळेत जाऊन त्या इंग्रजीत, शिक्क्यासह मागून घ्या. शाळेला असं पत्र देण्याची सवय नसते, दोन-तीन फेऱ्या होतातच. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रातही तसंच. लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते, पण आपली मुदत गणपती धरा. चतुर्थीच्या आठवड्यात आपल्याकडे एकाही कचेरीत माणूस भेटत नाही, आणि त्यानंतर सहामाही परीक्षा येते.