टीव्हीवर ठेवलंय

आमच्या घरात २००४ सालापासून एक २१ इंची टीव्ही होता, आणि त्याच्या डोक्यावर काय काय असायचं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं रामायण कळेल. क्रोशाचा रुमाल, त्यावर आईचा चष्मा, बीपीच्या गोळ्या, लाईटबिलं, कपाटाची चावी आणि जून ते सप्टेंबर काडेपेटी. आमचं गाव कुडाळ तालुक्यात, पावसाळ्यात इकडे मिठाला पाणी सुटतं, पापड मान टाकतात, कपाटातल्या शर्टावर बुरशी येते, पण टीव्हीच्या डोक्यावर कायम ऊब, कारण आत ती जुनी काचेची नळी तापलेली असायची. मांजर तर तिथेच लहानाचं मोठं झालं. संध्याकाळच्या बातम्यांवर त्याची शेपटी लोंबायची आणि आम्ही शेपटीच्या दोन्ही बाजूंनी बातम्या बघायचो. घरात काहीही हरवलं की उत्तर एकच, टीव्हीवर ठेवलंय बघ.

तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या गणपतीआधी, चिरंजीव म्हणाले की आपल्या टीव्हीवर क्रिकेटचा बॉल दिसत नाही, नुसती बॅट फिरते. मी म्हटलं मला वीस वर्षं कुठे दिसतोय, बॉलरच्या तोंडावरून कळतं की फोर गेली का विकेट पडली. पण बायकोनेही मान डोलावली, शिवाय मुंबईहून चाकरमानी येणार, त्यांच्यासमोर तो ठोकळा कसा ठेवायचा वगैरे. मुंबईचा चुलतभाऊ फोनवर म्हणत होता की थांब जरा, पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगितलंय, दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. मी म्हटलं दिवाळीला कोण येतोय आमच्याकडे, कोकणात माणूस येतो तो गणपतीला. आणि गेलो कुडाळला.

दुकानात एका भिंतीवर तीस टीव्ही आणि तिसांवर तोच एक निळा मासा पोहत होता. एवढा निळा मासा मी आयुष्यात बघितला नाही, आणि मी माशांच्यात वाढलोय. ४३ इंची, फोर-के, २८,००० रुपये. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये १,००० ला गेला. फ्री डिलिव्हरी फक्त हायवेपर्यंत, हे पैसे भरल्यावर समजलं. पुढे रिक्षा. खोका आडवा झोपवायचा नाही म्हणून दुकानदाराने दम दिलेला, उभा रिक्षात मावत नव्हता, म्हणून मागच्या सीटवर खोका अर्धा आत अर्धा बाहेर, वर ताडपत्री, आणि मी पुढे रिक्षावाल्याच्या अर्ध्या सीटवर बसून एक हात मागे करून त्याला धरलेला, वर पाऊस असा की समोरची एसटी आवाजावरून ओळखायची. वाटेत प्रत्येक माणसाने विचारलं, फ्रीज काय रे?

आईने खोक्यातून बाहेर आलेला टीव्ही बघितला, बाजूने बघितला, मागून बघितला.

"हो एवढो मोठो कित्याक रे? आणि ह्येच्यार काडेपेटी खंय ठेवतलंस?"

खरं सांगतो, हा प्रश्न दुकानात कोणीच काढला नव्हता.

फिटिंगचा पोरगा अठ्ठेचाळीस तासांत येणार होता तो चौथ्या दिवशी आला. आमचं घर चिऱ्याचं, आणि चिरा म्हणजे वरून दगड आणि आतून जाळीदार घावण. त्याने ड्रिल लावलं, भसाभस लाल भुकटी बाहेर, गणपतीसाठी आठवड्यापूर्वी दिलेल्या रंगावर रक्तपात झाल्यासारखा ओघळ, आणि भोकात घातलेला फास्टनर बोटाने ओढला की बाहेर. चार भोकं झाली. पोरगा म्हणाला काका भिंत धरत नाहीये, स्टँडवर ठेवा. आता या टीव्हीला पाय असतात ते मधे नाही, दोन टोकांना, पार लांब लांब, आणि आमचं जुनं टेबल म्हणजे ठोकळ्याच्या मापाचं. एक पाय टेबलावर ठेवला की दुसरा हवेत. शेवटी ओटीवरचं लांब बाकडं आत आणलं. म्हणजे ज्या बाकड्यावर बसून आम्ही टीव्ही बघायचो त्याच्यावर टीव्ही बसला आणि आम्ही जमिनीवर.

लावला. तर सगळी माणसं जाडी. बातम्या देणारी सडपातळ मुलगी एका रात्रीत ग्रामपंचायतीच्या सरपंचबाईंएवढी झालेली. चित्र पुसट, कडा भुरभुरीत. मी दोनदा काच पुसली. गणपतीत चुलतभाऊ आला, त्याने मागे वाकून बघितलं आणि हसला, कारण आमचा सेटटॉप बॉक्स तोच जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचा. त्याने हिशोब समजावला: या टीव्हीच्या पडद्यावर जवळजवळ ८३ लाख ठिपके, आणि जुन्या बॉक्समधून येतात कसेबसे ४ लाख, तेही चौकोनी चित्राचे, ते आडवे ताणून भरायचे. म्हणजे चार माणसांची आमटी त्र्याऐंशी जणांना वाढायची, पाणी घालावंच लागतं. हे मला लगेच समजलं, कारण त्याच दिवशी आमच्याकडे साधारण तसंच चाललं होतं.

आणि त्याच संध्याकाळी आरतीला प्रसंग झाला. माजघरात चाळीसेक माणसं, टाळ हातात, मृदंगवाला तयार, आई निरांजन लावायला बसली, आणि काडी पेटेना. दुसरी पेटेना. तिसरीचं डोकं चिकटून राहिलं. अख्खी पेटी सादळलेली. पाठीमागून कोणीतरी म्हणालं गॅसचा लायटर आणा, कोणी म्हणालं माझ्याकडे आहे लायटर आणि मग बापासमोर खिशातून काढावा का नको या विचारात अडकला. आई काही बोलली नाही. नुसती वळून टीव्हीकडे बघून घेतलं.

आमचे गणपती सात दिवसांचे. बोळवण झाली, दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ निघाला, आणि त्याच रात्री पनवेलवरून त्याचा फोन. ३ सप्टेंबर. जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला म्हणे, ३२ इंचांवरच्या टीव्हीला २८ टक्क्यांचे १८, लागू २२ सप्टेंबरपासून. एवढं सांगायला त्याने घरी पोचायचीही वाट बघितली नाही. मी रात्री कागद घेऊन बसलो. २,१८७ रुपये ५० पैसे. पन्नास पैसे सोडून दिले.

एवढं नुकसान झालंच आहे तर होऊदे म्हणून एचडी बॉक्स घेतला, सोबत एचडीएमआयची वायर, एचडी चॅनलचे महिन्याचे जास्तीचे पैसे. आणि काय सांगू, खरंच दिसायला लागलं. बॉल दिसला. बॉलची शिवणसुद्धा दिसली. पण मग बाकीचंही दिसलं. आईच्या सिरियलमधली सून, जिच्यावर आईचा पोटच्या मुलीसारखा जीव, तिच्या गालावर रंगाचा थर आणि कानाजवळ तो थर संपून खरी बाई सुरू होते ती रेघ. आई चष्मा शोधून (गॅसच्या शेगडीजवळ सापडला) पुढे जाऊन बघून आली. "तोंडार काय थापल्यान हा गो तिना?" ऋषींच्या दाढीचा डिंक दिसला. जंगलातल्या झाडाची पानं प्लास्टिकची निघाली. दशावतारात पहिल्या रांगेत बसू नये म्हणतात ते यासाठीच, लांबून द्रौपदी लाखात एक असते आणि पुढे बसलं की सकाळी घाईत केलेली दाढी दिसते. आम्ही २८,००० देऊन पहिल्या रांगेत बसलो होतो.

त्यात सिनेमे विचित्र दिसत होते, सगळे कोणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओसारखे गुळगुळीत. चिरंजीवांनी शोधून काढलं की सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि हा टीव्ही मधल्या फ्रेम आपल्या मनाने बनवून घुसवतो. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. ते बंद करताना भाषा कन्नड झाली, ती परत मराठी करण्यात रविवार गेला, त्याबद्दल बोलत नाही. आणि पाऊस जोरात आला की छपरावरच्या डिशच्या छत्रीवर सिग्नलच येत नाही, तेव्हा "सिग्नल नाही" ही अक्षरं मात्र फोर-के मध्ये इतकी स्वच्छ दिसतात की बघत राहावं.

सप्टेंबरअखेरीस एकदा संध्याकाळी घरी आलो तर रिमोट चालेना. दाबतोय, काही नाही. जवळ जाऊन बघितलं तर नवीन बॉक्सवर क्रोशाचा रुमाल, त्याची झालर पुढे लोंबून बॉक्सचा डोळाच झाकलेला. रुमालावर काडेपेटी, गोळ्या, चावी, आणि उरलेल्या चार इंचांत मांजराने बसायचा प्रयत्न केल्याची खूण म्हणून थोडे केस. हात लावला, चांगला गरम होता, जुन्या टीव्हीइतका नाही पण पुरे.

आई आतून देवापाशी दिवा लावून आली. पहिल्या काडीत.

"हो डबो मात्र बरो हाडलंस," म्हणाली.