दिव्यांगांचे इमोजी काढून टाका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज परत परत फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचं म्हणणं असं की व्हीलचेअरवरचा माणूस, पांढरी काठी, कानातलं मशीन हे इमोजी कंपन्यांनी स्वतःचं नाव करायला आणले, दिव्यांगांनी ते मागितलेच नव्हते, व्हीलचेअरचं निळं चिन्ह होतंच की आधीपासून, आणि अंध माणसाला इमोजी दिसतो का, मग काठीवाला कोणासाठी? शिवाय लोक ते चिडवायलाच वापरतात, तेव्हा काढून टाका.

मागितलेच नव्हते हे चूक आहे. 2018 मध्ये अ‍ॅपलने युनिकोडला, म्हणजे नवे इमोजी ठरवणाऱ्या संस्थेला, प्रस्ताव दिला तो अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड, सेरेब्रल पाल्सी फाउंडेशन आणि नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या दिव्यांगांच्या संस्थांसोबत बसून तयार केलेला होता. 2019 मध्ये ते इमोजी आले. ही पूर्ण यादी नाही, सुरुवात आहे, असं त्या प्रस्तावातच लिहिलंय. आणि तसंच झालं, 2021 ला कुबडी आली, 2023 ला काठीवाला आणि व्हीलचेअरवाले उजवीकडे तोंड करूनही मिळायला लागले, कारण त्याआधी ते फक्त डावीकडेच जायचे, पुढे घराचा इमोजी टाकला की माणूस घराकडे पाठ करून निघालेला दिसायचा.

निळं चिन्ह जागेचं आहे हो! पार्किंग, टॉयलेट, लोकलचा डबा. 'निघाले गं, पोचतेच' असं मैत्रिणीला लिहिताना कोणी स्वतःच्या नावापुढे पार्किंगची पाटी लावेल का?

आता अंधांचा मुद्दा, ज्याचा मला सगळ्यात राग येतो. एकतर पांढरी काठी वापरणाऱ्या सगळ्यांनाच शून्य दिसतं असं नसतं, खूप जणांना थोडी दृष्टी असते. दुसरं म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर, टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, प्रत्येक इमोजीचं नाव बोलून दाखवतो, म्हणजे अंध माणूस इमोजी ऐकतो आणि शोधून पाठवतोसुद्धा. म्हणूनच एका ओळीत वीस हसरे चेहरे टाकू नका, त्यांना प्रत्येकाचं नाव ऐकत बसावं लागू शकतं. आणि एखाद्या अंध आईबद्दल तिची डोळस मुलगी लिहीत असेल तर तिला काठीवाली बाई नको का?

तक्रारीला जागा आहे, नाही असं नाही. कृत्रिम पायाचा इमोजी बघा, रोबोटसारखा यांत्रिक, आपल्याकडचा जयपूर फूट तर कातडीच्या रंगाचा रबरी असतो. पण त्यावर आणखी इमोजी मागायचे, आहेत ते कशाला काढायचे?

राहिलं चिडवणं. ते होतं, आणि वाईट होतं. निळं चिन्ह गेमिंगच्या चॅटमध्ये शिवीसारखं टाकतात. कानाजवळ बोट धरलेला माणूस तर आपल्याकडची मुलं जबडा दाखवायच्या त्या म्युइंगच्या ट्रेंडसाठी टाकतात, मोठी माणसं 'ऐकतोय' म्हणून. तो कर्णबधिर माणूस आहे, अमेरिकन साइन लँग्वेजमधली खूण करतोय, बोट कानापासून तोंडाकडे. मुलांना एवढं सांगा, बहुतेकांना खरंच माहीत नसतं. आणि कळूनही कोणी चिडवायला टाकत असेल तर ग्रुपच्या अ‍ॅडमिनने त्याला तिथल्या तिथे थांबवावं.